न आलेल्या पैशांची पोच

नाशिकला लोक तीर्थाला जातात, पाहुणे म्हणून जातात, द्राक्षांच्या दिवसांत पेट्या बांधून आणायला जातात. मी गेले होते एक पाइप मोजायला. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंस, तेव्हा मला धड सांगता येईना. आता नोकरी संपली आहे, वेळ आहे, म्हणून लिहायला बसले.

नव्वदीच्या दशकाचा मध्य धरून चला. हिशेब तपासणाऱ्या केंद्राच्या एका कार्यालयात, नागपूरला, मी नोकरीला होते. संशय घेण्याचा मला पगार मिळत होता. घरी मी तो फुकट घेते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. दुधात बोट घालून पाहिल्याशिवाय मी पातेलं आत नेत नाही, एवढं मात्र खरं आहे.

काम काय होतं ते आधी सांगते. नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या वाटेवरच्या डोंगरात एक गाव आहे. खरं नाव देत नाही, करंजखोंड म्हणू. त्या गावाला नळाचं पाणी मंजूर झालं होतं. रुपयातले बारा आणे दिल्ली देणार आणि चार आणे राज्य देणार, असा करार. पहिल्या हप्त्यात नदीकाठच्या विहिरीपासून वर गावापर्यंत पाइप टाकायचा, दुसऱ्या हप्त्यात टाकी आणि नळ. दिल्लीची अट अशी, की पहिल्या हप्त्यातले आमचे बारा आणे आणि राज्याचे चार आणे, दोन्ही खर्च झाल्याचा दाखला दाखवा, मग पुढचे पैसे. तो दाखला जिल्ह्याच्या कार्यालयाने तयार ठेवला होता. त्यावर आमचा शेरा पडला की फाइल दिल्लीला जाणार होती. मार्चअखेरच्या आत ती पोचली नाही तर पैसे त्या वर्षापुरते गेले, आणि गावाने आणखी एक उन्हाळा डोक्यावर हंडे घेऊन काढायचा.

नाशिक रोड

गाडीतून उतरलो तर फलाटावर एक सडपातळ गृहस्थ उभे. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, हातात द्राक्षांची पिशवी. हे त्या कार्यालयाचे लेखापाल, गर्गे. दाखल्यावर खाली सही यांचीच होती. ज्या कार्यालयाचा माणूस तपासणीवाल्यांना घ्यायला स्टेशनपर्यंत येतो, तिथे काहीतरी दडलेलं असतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मी द्राक्षांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे सहकारी बोकडे यांनी पिशवी घेतली आणि जीपमध्ये बसता बसता अर्धी संपवली.

"काहून मॅडम, द्राक्षात काय हिशेब असते?" ते म्हणाले. बोकडे मूळचे उमरेडचे. माणूस चांगला, पण पोटापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

नाश्त्याला गर्गे आम्हांला मिसळ खायला घेऊन गेले. आमच्याकडे सकाळी तर्री-पोहे, तेही उभ्याने, गाडीवर. इथे मिसळीचा थाट एखाद्या पंगतीसारखा: मटकी वेगळी, रस्सा वेगळा, दही, पापड, कांदा, आणि पाव मागाल तितके. रस्सा आमच्या तर्रीपुढे सौम्य, पण मागून चढतो. पैसे द्यायला गर्गे उठले तसा मी त्यांचा हात अडवला, माझे मी दिले आणि पावती मागितली. हॉटेलवाल्याने पावती कधी फाडलीच नव्हती. शेवटी त्याने कॅलेंडरच्या कागदाच्या मागे लिहून दिलं, "मिसळ एक, मिळाले." गर्ग्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, बरोबर आहे, असंच पाहिजे. ते मनापासून म्हणाले की टोमणा मारला, हे मला ठरवता येईना. चहाचीही पावती घेतली.

दिवसभर मी वह्या पाहिल्या. इतक्या नीटनेटक्या वह्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. खाडाखोड नाही, बेरीज चुकलेली नाही, अक्षर मोत्यासारखं. माझा संशय आणखी पक्का झाला. सरकारी पैसा प्रामाणिकपणे खर्च होतो तेव्हा वहीवर चहाचे डाग असतात.

गंगेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायला अवकाश होता. गर्गे म्हणाले, चला, गंगेवर जाऊन येऊ. नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतात आणि "गंगेवर" म्हणजे बाजारात म्हणावं इतक्या सहज म्हणतात. पायऱ्यांवर भाजीवाल्या, भांडी विकणारे, मुंडन करून घेणारे, उन्हात वाळणारी धोतरं. फुलांचे ढीग मखमलाबादकडच्या मळ्यांतून आलेले, अजून ओले होते. हवा मात्र काय सांगू. नागपूरला एव्हाना कुलर काढायची बोलणी सुरू होतात, इथे मी पदर खांद्यावरून घेतला होता.

गर्ग्यांचं घराणं मूळचं उपाध्यायांचं. त्यांचे चुलतभाऊ अजून तेच करतात. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, वडील, आजोबा, बरोबर कोण आलं, हे वहीत उतरवतात आणि त्याच्याच हाताने खाली सही करून घेतात. तुमचे कोणी इथे आले होते का, असं त्यांनी मला विचारलं. मी माहेरचं आडनाव सांगितलं, पांढरीपांडे, गाव भंडाऱ्याकडचं. दोन घरं फिरल्यावर तिसऱ्या घरात लाल कापडात बांधलेली एक लांबोडी वही निघाली आणि तीत माझ्या आजोबांची सही निघाली. सोबत आजीचं नाव आणि दोन मुलांची नावं. त्यांतलं धाकटं नाव माझ्या वडिलांचं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच मनात आलं, हे यांनी रातोरात लिहून ठेवलं नसेल कशावरून? मी कागद बोटाने चोळून पाहिला, शाई उजेडात धरून पाहिली. गर्ग्यांचे भाऊ हसू लागले. गर्गे हसले नाहीत. ते म्हणाले, "तपासा मॅडम, हक्क आहे तुमचा. पण या वहीत एकच नियम. जो आला त्याचंच नाव. न आलेल्याचं नाव कोणी सांगितलं तरी घालत नाहीत. माझ्या आजोबांनी एका संस्थानिकाला नाही म्हणून सांगितलं होतं."

तीर्थावर सगळेच अशा गोष्टी सांगतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण वाक्य डोक्यात राहिलं.

करंजखोंड

तिसऱ्या दिवशी गर्ग्यांसह जीपने निघालो. सावळघाटानंतर रस्ता डोंगरात शिरतो आणि मैलागणिक माणसं कमी होत जातात. पावसाळ्यात इथे इतकं पाणी कोसळतं की वाटा वाहून जातात, आणि होळीच्या सुमाराला घोटभर मिळत नाही. सागाची पानं गळलेली, मोहाला नुकता बहर, भाताची खाचरं फुटलेल्या टाचांसारखी. आमच्या विदर्भात ऊन तिखट असलं तरी जमीन सपाट. इथली बाई पाणी आणते म्हणजे डोंगर उतरते आणि चढते.

विहिरीपाशी आमची वाट पाहत सोनाबाई गावित उभ्या होत्या. गावाच्या पाणी समितीत बाई पाहिजे म्हणून त्यांना घेतलेलं, आणि घेतल्यावर बाकीच्यांना कळलं की समिती म्हणजे याच. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, काटक. मी कागद काढला. पाइपची जेवढी लांबी बिलात होती तेवढी जागेवर भरली पाहिजे. बोकड्यांनी फितीचं एक टोक धरलं, दुसरं मी, आणि आम्ही चढायला लागलो. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सोनाबाईंनी न विचारता कमरेच्या दोरीतला तुकडा तोडला, चपलेला बांधला आणि पुढे चालू लागल्या. मी पैसे देऊ केले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते परत पर्समध्ये टाकले. त्या प्रवासात पावती न घेता घेतलेली ती पहिलीच वस्तू.

मोजत मोजत एका मोहाच्या झाडाखाली आलो आणि पाइप संपला. पुढे चरही नव्हता, नुसती मुरमाची चढण. वर, दूरवर, गावाची कौलं दिसत होती. मी आकडे जुळवले. पाऊण वाट पाइप होता, पाव वाट नव्हता. बिल मात्र पुऱ्या वाटेचं, आणि पैसे पुरे खर्च झाल्याचा दाखला.

सापडलं, असं मला वाटलं. खोटं सांगत नाही, आनंदच झाला. तीन दिवसांची द्राक्षं, मिसळ, गंगा, वही, सगळ्याचा अर्थ लागला. पाव वाटेचा पाइप या सडपातळ माणसाने खाल्ला होता. मी गर्ग्यांकडे वळले तर ते खाली पाहत होते.

बोलल्या त्या सोनाबाई. "इथवर दिल्लीचा पाइप हाय बाई. म्होरला मुंबईचा. त्यो आलाच नाय."

मी विचारलं, म्हणजे काय. त्यांनी समजावून सांगितलं, एखाद्या मंद मुलीला सांगावं तसं. दिल्लीचे पैसे आले, त्यात जेवढा आला तेवढा पाइप आणला आणि विहिरीपासून टाकत आणला. इथे संपला. मुंबई म्हणते, दिल्लीचा दुसरा हप्ता आल्याबिगर आम्ही पैसे सोडणार नाही. दिल्ली म्हणते, मुंबईचे दिसल्याबिगर आम्ही नाही देणार. गावातली पोरंटोरंही याला दिल्लीचा पाइप म्हणत होती. संघराज्यातले आर्थिक संबंध मी परीक्षेसाठी पाठ केले होते, पण ते मुरमाच्या चढणीवर असे उघड्यावर पडलेले कधी पाहिले नव्हते. लग्नात दोन व्याही एकमेकांना "आधी तुम्ही बसा" म्हणत उभे राहतात आणि पान वाढून गार होतं, तसं हे पान दीड वर्ष गार होत पडलं होतं.

मग दाखला? मी गर्ग्यांना विचारलं. ते मोहाखाली दगडावर बसले आणि सांगू लागले. राज्याचे चार आणे मिळाल्याची पोच त्यांनी लिहिली होती, खर्च झाल्याचंही त्यांनीच लिहिलं होतं, पुढच्या पाइपचं बिलही कागदावरच केलं होतं. साहेबांनी तोंडी सांगितलं आणि सही यांची घेतली. दिल्लीचा दुसरा हप्ता आला की आधी उरलेला पाइप टाकायचा, मग मुंबईचे येतील तेव्हा हिशेब सरळ करायचा, असा बेत. सगळे जिल्हे असंच करतात, नाहीतर कुठलीच योजना पुरी होणार नाही. एक पैसा कोणी खाल्लेला नाही, कारण खायला आलाच नव्हता.

"तुमच्या वहीत न आलेल्याचं नाव घालत नाहीत ना?" मी म्हटलं. "मग न आलेल्या पैशाचं कसं घातलंत?"

ते म्हणाले, "घरची वही देवाची आहे, मॅडम. ही सरकारची."

मला त्यांचा फार राग आला. आणि त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की माझा विश्वास बसत होता.

जेवण सोनाबाईंच्या घरी. नागलीच्या काळ्याभोर भाकरी, उडदाची घट्ट आमटी, लसणाचा ठेचा. पाण्याचा तांब्या पुढे आला तेव्हा ते पाणी कुठून आलं हे मला पुरेपूर ठाऊक होतं, कारण ती वाट मी नुकती मोजली होती. मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. सोनाबाईंनी एकच विचारलं, "तुमी सही केली की टाकी व्हईल ना?" मी म्हटलं, बघते. सरकारी माणूस "बघते" म्हणतो तेव्हा काय होतं ते त्यांनाही ठाऊक असावं.

शेरा

परतीच्या वाटेवर बोकडे पहिल्यांदाच काही न खाता बसले होते. ते म्हणाले, करून टाका मॅडम, कोणाचं नुकसान आहे? त्यांचं चूक नव्हतं. पण माझ्या मनात दुसराच भुंगा. कशावरून सोनाबाईंना पढवलेलं नाही? कशावरून दुसऱ्या हप्त्यातला पाइप तरी लागेल? आणि मुंबईने पैसे दिले नाहीत हे खरं असेल, तर खोट्या पोचेवर मी शिक्का मारला की मुंबईला ते कधीच द्यावे लागणार नाहीत, कारण कागदावर ते दिलेले असतील. हा विचार आला तेव्हा माझी झोप उडायच्या ऐवजी डोकं स्वच्छ झालं. नागपूरच्या माणसाला मुंबई पैसे पाठवते म्हणाली की उंबऱ्यात उभं राहून वाट पाहायची सवय असते. तिला अशी सूट द्यायला माझा हात धजेना.

चौथ्या दिवशी सकाळी, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून, मी शेरा लिहिला. दोनच वाक्यं. राज्याचा हिस्सा मिळाल्याचा व खर्च झाल्याचा दाखला चुकीचा आहे. राज्याचा हिस्सा आलेलाच नसून तो तातडीने देण्यात यावा, कारण त्याअभावी गावाला पाणी मिळालेलं नाही. दुसरं वाक्य मी ठळक लिहिलं. गर्ग्यांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, बेरीज तपासावी तसं दोनदा वाचलं, आणि म्हणाले, बरोबर आहे. या वेळी टोमणा नव्हता. स्टेशनवर ते आले नाहीत.

माझ्या दोन वाक्यांपैकी वर जाता जाता एकच उरलं. कोणत्या टेबलावर दुसरं गळालं हे मी पुष्कळ शोधलं, आमच्याच कार्यालयातल्या माणसांवर डोळा ठेवला, पण सापडलं नाही. दिल्लीने हप्ता थांबवला. गर्ग्यांची चौकशी लागली. तोंडी हुकूम देणारे साहेब तोवर बदलून गेले होते. चौकशीवाल्यांना पाइप दिसला नाही, सही दिसली. दोन वेतनवाढी गेल्या, बढती गेली, आणि माणूस होता त्याच खुर्चीवरून निवृत्त झाला. करंजखोंडने त्यानंतरचे उन्हाळे तसेच काढले. किती काढले हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती.

गंगापूर रोड

दहाएक वर्षांनी, निवृत्तीनंतर, पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेले. शहर ओळखू येईना, गंगापूर रोडला नुसत्या इमारती आणि दुकानांच्या पाट्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता एसटीने करंजखोंडला गेले.

मोहाच्या झाडाखाली पाइप संपला नव्हता. पुढे गेला होता, जरा वेगळ्या रंगाचा. त्याच्याबरोबर चालत मी वर गेले. चौथऱ्यावर टाकी, खाली चार नळ. सोनाबाईंनी मला ओळखलं ते माझ्या चपलेवरून की काय कोण जाणे, त्या आधी माझ्या पायांकडे पाहून हसल्या. मुंबईचे पैसे शेवटी आले, नंतर दिल्लीचे आले, त्या म्हणाल्या. पाणी दिवसाआड तासभर येतं, पण येतं. खरंच येतं का, हे पाहायला मी तो तास होईपर्यंत बसून राहिले. आधी हवा सुटली, मग गढूळ, मग स्वच्छ. पर्समधली रिकामी बाटली मी नळाखाली धरली.

संध्याकाळी पत्ता शोधत गर्ग्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. केस पांढरे, बुशशर्ट तोच, खिशात एक पेन. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, नाव ऐकलं आणि आत निघून गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. चहा गर्ग्यांनीच केला. हातात कप दिला आणि म्हणाले, पावती देऊ का. ते ऐकून घ्यायलाच मी आले होते.

मी सांगितलं की त्यांच्यावर जे आलं त्याचं मला वाईट वाटतं, आणि तोच कागद पुन्हा समोर आला तर मी तेच लिहीन. दोन्ही खरं होतं. ते म्हणाले, दुसरं वाक्य मी वाचलं होतं, मॅडम, मला माहीत आहे. मग मी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि करंजखोंडच्या नळाचं पाणी आहे म्हणून सांगितलं. चौकशी लागल्यापासून ते तिकडे गेले नव्हते. त्यांनी बाटली उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला, मी शाई तपासली होती अगदी तशीच तपासली. कशावरून तिथलंच, असं विचारतील असं मला वाटलं. त्यांनी पेल्यात ओतून घेतलं आणि उभ्यानेच प्यायले.

मग खिशातलं पेन काढलं, एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "करंजखोंड येथील नळाचे पाणी, बाटली एक, मिळाले." तारीख घातली. सही करायच्या आधी पेन थांबवून त्यांनी पेल्याकडे पाहिलं, तळाशी थोडं उरलं होतं. ते प्यायले, आणि मग सही केली.